फळ्यापाशी, सात वाजता

जेल रोडला, पाण्याच्या टाकीखाली एक फळा आहे.
पूर्वी त्यावर सुविचार असायचे,
नंतर नुसत्या श्रद्धांजल्या.
निवृत्त झालो तेव्हा कोणाला न विचारता
मी तो काळा करून घेतला
आणि रोज सकाळी जगाची एक बातमी लिहू लागलो.
एकच. खडू महाग नाही, जागाच तेवढी आहे.

परवा लिहिलं :
बोट उलटली. सुमारे साठ माणसं बेपत्ता.
खाली नेहमीचं :
संध्याकाळी सातला बोलायला या. खुर्ची आपापली आणावी.

'सुमारे' लिहिताना हात अडखळला.
एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये होतो, पासपोर्ट छापायचो.
तिथं हा शब्द नव्हता.
पाळी सुटताना कोरे कागद मोजायचे,
फाटलेले मोजायचे, शाई सांडलेले मोजायचे,
आणि एक जरी कमी भरला
तरी गेट उघडत नसे.
एकदा रात्री पावणेदोनपर्यंत
दोनशे माणसं एका कागदासाठी बसून होतो.
कोणाच्या घरी बारसं होतं. कोणी कुरकुरलं नाही,
म्हणजे कुरकुरलो, पण बसलो.
सापडला शेवटी यंत्राच्या पायाशी, तेलात.
सायकली काढताना सगळे हसत होतो,
जत्रेत चुकलेलं पोर मिळाल्यासारखे.
(माझा स्वतःचा पासपोर्ट मी कधी काढला नाही.
जायचं कुठं होतं?)

परवा सातला पाच जण आले.
पगारेबाई घरचं स्टूल घेऊन,
मुनाफ रिक्षा चालूच ठेवून.
एक जण उभ्याउभ्याच म्हणाला,
चार दिवस नळाला पाणी नाही,
तुम्ही कुठल्या समुद्राचं लावलंय?
म्हटलं, बसा. आधी नळाचं बोलू.
अर्धा तास नळाचंच बोललो.

मग टेकचंदकाका, देवळाली कॅम्पातून दोन बस बदलून आलेले,
हातातली पिशवी मांडीवर घेत म्हणाले,
मला मोजलं होतं.
बरॅकीत. सहा वर्षांचा होतो.
साहेब छडीनं रांग मोजत चालला होता,
आई नेमकी वाकून माझ्या चपलेचा बंद बांधत होती,
ती सुटली.
तीन दिवस आमचा शिधा एका माणसाचा कमी आला.
आई मरेपर्यंत म्हणायची,
मी अजून इथं पोचलेच नाही रे.
हसत म्हणायची.

मुनाफनं रिक्षा बंद केली.

आपण गोदेकाठची माणसं.
पूर आला की दुतोंड्या मारुतीकडे बघतो :
कमरेला लागलं, छातीला लागलं,
गळ्याशी आलं की दुकानं आवरतो.
दगडाच्या अंगावरचं पाणी आपल्याला वाचता येतं.
मग माणसाच्या
(हे वाक्य मनातच राहिलं. फळ्यावर जागा नव्हती.)

काल सकाळी नवी बातमी लिहायला गेलो
तर जुनीच्या खाली कोणीतरी, शाळेतल्या अक्षरात,
उंची पुरली नसावी म्हणून अगदी तळाशी :
त्यांची नावं काय?

पुसायला ओलं फडकं नेलं होतं.
तसंच परत आणलं.
काल काही लिहिलं नाही, आजही नाही.
तीच बोट, तेच सुमारे साठ,
आणि तळाशी तो प्रश्न.
पगारेबाई म्हणतात, शोधू, कुठंतरी यादी असेलच.
मुनाफ म्हणतो, नसली तर?
मला माहीत नाही.

इथं गेट नाही.
कोणालाही मोजणीतून उठून घरी जाता येतं,
आणि मला रात्री झोप लागत नाही ती त्याचीच.

तेव्हा आज सातला या.
ज्यांना उत्तर माहीत नाही त्यांनी आधी या.
भांडायचं असेल त्यांनीही.
खुर्ची आपापली.
नळाला काल रात्री पाणी आलं,
त्याचंही सांगेन.