बेकी

रामुने चेहऱ्यांना तोंडं काढत नाही.
डोळ्यांचे दोन ठिपके, नाक असलं तर असलं,
बाकी सगळं ती देठावर सोपवते.
कौनासमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
उत्तरेच्या खिडकीखालच्या टेबलावर
आठ महिने झाले, फुलांची माणसं राहायला आली आहेत.

सताप थोरली. हिरवी, कडू, हट्टी.
इथे लग्नाआधी मुली तिचाच मुकुट घालायच्या,
म्हणून तिची मान कधी खाली नसते.
पण कोपरं बघा: पोटाशी घट्ट,
कुणी काही मागेल आणि द्यावं लागेल, अशी.
डेलिया म्हणजे शेजारचे काका.
इतक्या पाकळ्यांचा कोट की बटणंच लागत नाहीत,
आणि वळले की पाठीवरची शिवण उसवलेली.
पिवळी ट्युलिप निरोप घेऊन येते.
दारात थांबते. आत ये म्हटलं तरी
तिच्या बुटांच्या नाड्या बांधलेल्याच.

राहिलं कॅमोमाइल.
रामुने म्हणजे तेच फूल; आईनं ठेवलेलं नाव.
त्याला कुठल्या पानावर उभं करावं
हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.

वाइदोतासचा फोन आला, प्रकाशकाचा.
"चौदाव्या पानावर आजी जाते ना?
मग रडू दे की कुणाला तरी. मुलांना कळायला हवं."
तिनं सतापच्या गालावर एक थेंब काढून पाहिला.
दव पडल्यासारखं दिसलं.
फुलावर पाणी, त्यात दुःख कसलं?
खोडला. कागद तिथे अजून खरबरीत आहे.

मार्चमध्ये आईचा वाढदिवस आला,
आई नसतानाचा पहिला.
बाजारात जेनोवाइते, हातमोज्यांची बोटं कापलेली,
बादल्यांमध्ये बसलेली.
"सात द्या," रामुने म्हणाली, सवयीनं.

या देशात फुलं मोजून देतात.
जित्यांना एकी, गेलेल्यांना बेकी.
आपण आहेराच्या पाकिटावर वरचा रुपया चिकटवतो ना,
तसाच हिशेब, फक्त इथे तो
पलीकडच्या काठावरही चालतो.
आई दारातच देठ मोजायची,
पाहुण्याचा कोट निघायच्या आत,
ओठ न हलवता.

"कुणाला?"
"आईला."
म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, काळ्या मफलरकडे पाहिलं,
जुडीतून एक फूल उपसलं
आणि परत बादलीत ठेवलं.
पैसे सहाचेच घेतले.

त्या रात्री चौदावं पान झालं.
टेकडीवर ओळीनं उभी फुलं. कुणी रडत नाही.
सतापची कोपरं सुटलेली,
हातांचं काय करायचं ते तिला समजत नाहीये.
काकांची पाठ आपल्याकडे, उसवण उघडी.
ट्युलिपनं बूट काढून हातात धरलेत.
आणि डाव्या कडेला
एका माणसापुरता कोरा कागद.

तिथे कॅमोमाइल होतं.
तिनं ते काढलं, आणि मग काढलं.
आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे,
तिच्या भाषेत असेल का, मी विचारलं नाही.

वाइदोतासनं पान पाहिलं. अश्रूंचं पुन्हा बोलला नाही.
तोही इथलाच. मोजता त्यालाही येतं.

पुस्तक छापून आलं तेव्हा
पहिली प्रत बहिणीच्या मुलानं पळवली.
कायुस, वय सहा, पुढचे दात पडलेले.
चौदाव्या पानावर एकेका डोक्यावर
त्यानं बोट टेकवलं. सहाशी थांबला.
पान उलटून मागे बघितलं,
कुणी लपलंय का.
मग पेन्सिल मागितली.

कोऱ्या जागेत, जीभ बाहेर काढून,
त्यानं एक वाकडं फूल काढलं,
पाकळ्या कमीजास्त,
आणि तोंड. केवढं तोंड!
या कानापासून त्या कानापर्यंत उघडं.

"हसतंय की रडतंय रे?"
रामुनेचा हात खोडरबरावर होता.

"हाका मारतंय," कायुस म्हणाला.
"आजी लांब गेलीय ना.
हळू बोलून कसं चालेल?"