शून्य पूर्णांक तीन दशांश

साइटचा पत्ता दरवर्षी मे महिन्यात संपतो,
आणि मे महिन्यात अमळनेरात सगळंच संपत आलेलं असतं:
बोरीतलं पाणी, इन्व्हर्टरची बॅटरी, माणसांचं बोलणं.
मी माझ्या खात्यातून अकराशे रुपये भरतो.
पावतीवर नाव येतं नेरकर सरांचं.
सर जाऊन सहा वर्षं झाली.

निळ्यावर पिवळी अक्षरं.
वर एक पट्टी उजवीकडून डावीकडे सरकते,
तिच्या टोकाला लाल 'नवीन!' लुकलुकतं,
ऑगस्ट दोन हजार सहापासून.
तळाशी लिहिलंय, आठशे बाय सहाशेवर उत्तम दिसेल.
आता ते कशावरच उत्तम दिसत नाही.

पुण्याच्या भाच्याने शनिवार-रविवारात नवी साइट करून दिली.
देखणी होती, खोटं कशाला बोलू.
पण आत जायचे जुने सगळे रस्ते मेले,
आणि ते रस्ते छापलेत कुणाकुणाच्या प्रबंधांत,
शेवटच्या पानावर, बारीक टायपात.
छापलेल्या कागदाला कोण सांगणार, आम्ही घर बदललं?
मी रात्रीतून जुनी परत चढवली.
भाचा महिनाभर बोलला नाही.

शेजारचा मोटर वाइंडिंगवाला भटू विचारतो,
"काय दुरुस्त करी ऱ्हायना भाऊ?"
"पानी कितलं उडस, ते मोजानं गनित."
तो पान थुंकून येतो.
"आठे पानीच कोठे शे?"

होतं. कॉलेजच्या गच्चीवर,
चार फुटी पत्र्याच्या पात्रात.
रोज सकाळी साडेआठला मी पातळी वाचायचो,
सर आकडे घेऊन प्रोग्रॅममध्ये घालायचे.
पात्रावरची जाळी कुणीतरी कोंबड्यांसाठी नेली
आणि कावळे यायला लागले.
प्राचार्य म्हणाले, नवी जाळी पुढच्या बजेटात.
सरांनी तीन दिवस गच्चीवर बसून
कावळ्यांचे घोट मोजले
आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली:
कावळा, रोज शून्य पूर्णांक तीन दशांश मिलिमीटर.
"उन्हावर उगाच आळ नको," म्हणाले.
मग तो प्रोग्रॅम जगाला फुकट वाटून टाकला,
कावळ्यासकट.

यंदा पत्र आलं बोलिव्हियातून.
नाय्रा नावाची मुलगी, उंचावरच्या कुठल्याशा तळ्याकाठची.
विचारत होती, कावला म्हणजे काय?
आणि तो नेहमी शून्यच का येतो?

मी हसलो आधी.
मग कोड उघडला.
त्या जुन्या भाषेचा नियमच असा:
के अक्षराने सुरू होणारं नाव म्हणजे पूर्णांक,
त्याला दशांश झेपत नाही, तो गिळून टाकतो.
तीस उन्हाळे आमचा कावळा
पात्राच्या काठावर बसून
शून्य पाणी पीत होता.
त्याचे सगळे घोट
आम्ही उन्हाच्या नावावर मांडत आलो,
सूर्याला कळवलंही नाही.

बराच वेळ पंख्याखाली बसलो.
सरांचा फोटो पानावर आहे, सफारीत, पात्राशेजारी,
मागे कठड्यावर एक काळा ठिपका.
त्यांना विचारायची सोय असती तर
आधी ते रागावले असते,
मग खडू मागितला असता.

एका ओळीची दुरुस्ती. चाचणी. पुन्हा चाचणी.
लाइट गेली, आली.
मग पानावर लिहिलं, जसं झालं तसं:
आमचे आधीचे सर्व आकडे रोज किंचित जास्त आहेत,
कारण एक कावळा हिशोबात धरला होता
आणि धरला गेला नव्हता.
खाली सरांचं नाव तसंच ठेवलं.
माझं टाकावं का, यावर जरा अडलो,
नाही टाकलं.

नाय्राला कळवलं, कावळा काळा असतो,
हुशार असतो, तुमच्याकडे काय पितं?
तिचं उत्तर आलं, लामा.
तो लावायचाय अजून. त्याचे घोट मोठे असणार.

पट्टीवरचं 'नवीन!' लुकलुकतंय.
अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याखाली काही आहे.
येणाऱ्यांची मोजणी मात्र
चार हजार दोनशे सतरावर अडकलीये कधीची.
ती दुरुस्त करता येईल.
करत नाही.