फ्रिजवरचा चुंबक

निघताना फ्रिजवरचा चुंबक काढून खिशात टाकला.
त्याखालची यादी (दूध, ओट्स, गुडघ्याचं मलम)
फरशीवर पडली. पडू दिली.

स्टोनहेवनच्या पुढे बार्लीच्या शेतांमधून
एक अरुंद रस्ता समुद्राकडे उतरतो.
एकतीस वर्षं मी असल्याच रस्त्यांवर
फिरत्या वाचनालयाची व्हॅन चालवली.
वळणावर कधी घाई केली नाही,
नाहीतर मागे चरित्रं घरंगळून
कादंबऱ्यांत मिसळायची.

इनिसने शेडचं दार खांद्याने ढकललं
आणि ती होती.
एकाहत्तर सालची एमजीबी, ओल्या शेवाळाच्या रंगाची,
तारांची चाकं, दोन कार्ब्युरेटर,
बॉनेटवरच्या धुळीत मांजराची पावलं.

मी काही बोलले नाही.
भाव करायला आलेल्याने
चेहरा घरी ठेवून यावा.

गुडघे टेकले. म्हणजे एक टेकला,
दुसऱ्याला समजवावं लागलं.
दाराखालच्या पट्टीवरून चुंबक सरकवत गेले.
चिकटला. चिकटला. चिकटला.
मागच्या चाकाच्या अलीकडे, वीतभर जागेत,
निसटून हातात आला.
पुन्हा लावला, पुन्हा आला.
म्हणजे इथे लोखंड नाही.
पुटी आहे, वर रंग आहे,
आणि बघणारा एवढा वाकणार नाही
ही कुणाची तरी आशा.

"ते मीच भरलंय," मी विचारायच्या आत इनिस म्हणाला.
"वेल्डिंगला पैसे नव्हते. पलीकडेही आहे. या, दाखवतो."
स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याची बायको कर्स्टी
सातव्या महिन्याचं पोट सिंकला टेकवून
एकच कप केव्हाची धूत होती.
दोन सीटांच्या गाडीत
तिसरं माणूस बसत नाही,
एवढंच जाहिरातीत लिहायचं राहिलं होतं.

त्याने चोक ओढला. खोकली.
पुन्हा खोकली.
तिसऱ्यांदा शेडचे पत्रे थरथरले,
तेलाचा काटा साठावर गेला, पन्नासावर स्थिरावला,
आणि माझ्या बरगड्यांत कुठलंसं शेल्फ हललं.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. फळीवर खडूने लिहिलेलं होतं:
साडेसात हजार पौंड. ते खोडून
सहा हजार आठशे.
माझ्या छपराच्या स्लेटचा अंदाजही साधारण तेवढाच.
बहीण ऊना फोनवर म्हणालीच होती,
"इशबेल, हत्ती पाळ. तो निदान गंजत तरी नाही."

मनाशी एक अट घातली होती, कुणाला न सांगता:
बसून, कुणाचा हात न घेता
उठता आलं, तर घ्यायची.

बसणं सोपं होतं. त्या सीटमध्ये
माणूस बसत नाही, ओतला जातो.
लांबच लांब बॉनेट, पुढे उघडं दार,
दारात समुद्राची एक पट्टी.
थोडा वेळ नुसती स्टीअरिंग धरून बसले.

मग उजवा पाय बाहेर. मग काहीच नाही.
इनिसने हात पुढे केला. मी नको म्हटलं.
दाराची कड धरली, सुटली.
शेवटी पालथी झाले, आधी हात खडीवर,
मग पोट, मग उरलेली मी,
किनाऱ्यावरचा सील चढतो तशी
त्रेसष्टाव्या वर्षी गाडीतून बाहेर आले.
खिडकीत कर्स्टी पोट धरून हसत होती.
मीही हसले, आडवीच.

हे उठणं धरायचं का?
अटीत कसं उठायचं ते लिहिलं नव्हतं.

दोन्ही बाजूंचं वेल्डिंग वजा करून
मी एक आकडा सांगितला.
इनिस बोटांची नखं बघत राहिला.
"आज रात्री कळवतो," म्हणाला.

घरी आले तर खिशात चुंबक नाही.
तिथेच कुठेतरी चिकटलेला असणार,
जिथे गाडी अजून गाडी आहे.

यादी फरशीवरून उचलली.
मलमाच्या खाली लिहिलं: वेल्डर.
मग जरा थांबून
मलमाच्या पुढे: दोन.