शेऱ्याचा रकाना

सर्व्हेच्या बाई दुपारच्या एसटीनं आल्या.
गळ्यात ओळखपत्र, पिशवीत फीत,
हातातल्या कागदावर प्रश्न आधीच छापलेले.
मी समाजमंदिराचं कुलूप काढलं.
कुलूप आपलं दाखवायला.
दाराला खालून लाथ मारली की उघडतं,
अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

वास्तूचं वय?
बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या बायांनी
ओढ्यापर्यंतच्या रस्त्याला खडी फोडली.
पाऊस आला, काम थांबलं,
आणि उरलेले दगड रात्री-रात्री
बैलगाडीनं इथं आले.
हे लिहू नका, म्हणालो.
त्यांनी लिहिलं : दगडी बांधकाम.

शैली?
ती पूर्वेची भिंत यल्लप्पाची,
ओळंबा लावल्याशिवाय तो पाणीही पीत नसे.
बाकीच्या तीन आम्ही सगळ्यांनी मिळून बांधल्या.
बघा, दिसतंयच.

पडदा मात्र सोलापूरचा.
चन्नवीर गिरणीत होता, त्यानं
खोट आलेल्या अठरा चादरी आणल्या,
मशीनवर जोडून घेतल्या.
डावीकडचे मोर उलटे लागले, डोकं खाली.
नाटकाला उशीर झाला की लोक मोर मोजायचे,
दर वेळी आकडा वेगळा.
गिरणी बंद पडली. चन्नवीरही गेला.
मोर अजून तसेच लटकलेत.

मागच्या महिन्यात दुसरे एक साहेब आले होते.
त्यांनाही मूल्यच हवं होतं.
गाडीतूनच बघितलं, रुपयांत लिहिलं,
मैदानाच्या कडेनं गाळे किती निघतील ते मोजलं
आणि चहा न घेता गेले.

बाई बाहेर आल्या.
मैदान, क्षेत्र एक हेक्टर चार आर.
जाळी कांद्याच्या गोण्यांची, व्हॉलीबॉलची.
हौद्यातली लाल माती तेला-ताकाची,
अमीनसाब अजून दर शनिवारी उकरतो,
कुस्तीला पोरं येवोत न येवोत.

मी भूकंपाचं सांगितलं.
त्र्याण्णव साली, पहाटे भांडी वाजली,
आणि पुढं महिनाभर गाव या मैदानात झोपलं.
कोण घोरतं, कोण झोपेत कुणाचं नाव घेतं,
सगळ्यांना सगळं कळलं.
वेशीबाहेरच्या गंगव्वाच्या चुलीवरचा चहा
पाटलाच्या आईनं घेतला, बशी न बदलता.
मग थंडी पडली.
माणसं आपापल्या गल्लीत गेली,
आणि गल्ल्या पुन्हा गल्ल्या झाल्या.
बाईंनी पेन उचललं, ठेवलं.
याला रकाना नव्हता.

निघताना दाराच्या चौकटीशी थांबल्या.
या रेघा कसल्या?
भरतीच्या, म्हणालो.
ती लाल एकशे पासष्टची, पोलिसातली.
तिच्याखाली, नखभर अंतरावर,
मल्लूचं नाव. सहा वेळा, सहा तारखा.
सातव्या वर्षी त्यानं ट्रॅक्टर घेतला,
पण दिवाळीला येतो तेव्हा
अजून पाठ टेकून उभा राहतो,
कुणी बघत नाही असं बघून.

बाई हसल्या नाहीत.
चप्पल काढली, चौकटीला टेकल्या.
मी पेन्सिलनं रेघ मारली.
नाव विचारायचं राहिलं,
एसटीनं हॉर्न दिला.

शेवटचा रकाना शेऱ्याचा, कोराच गेला.
काय लिहू, असं त्यांनी पायरीवरून विचारलं होतं.
मला पटकन काही सुचलं नाही.
आता सुचतंय, पण तेही धड नाही.

फीत मात्र विसरल्या.
संध्याकाळी पोरांनी ती लांब उडीच्या खड्ड्याशी पसरली.
आजवर आम्ही उडी पावलांनी मोजायचो,
ज्याचं पाऊल लहान त्याची उडी मोठी,
त्यावरनं दोनदा डोकी फुटलीत.

चार मीटर बारा!
रेणुका ओरडली, गुडघ्यापर्यंत वाळू.
पुन्हा मोज, पोरं म्हणाली.
पुन्हा मोजली.
चार बाराच.