अक्रोडाचं प्यादं

पीठ फुगायला दीड तास लागतो.
तेवढ्यात टेकले येते, शेजारच्या नानुलीची, नऊ वर्षांची,
दप्तर मैद्याच्या पोत्यावर टाकते
आणि माझ्याकडे असं बघते
जशी गृहपाठ विसरलेली मीच.

हा पट माझ्या हुंड्यातला.
बाबांनी उशीच्या दोन अभ्र्यांत गुंडाळून दिलेला.
सासरी तो कपाटावर चढला, रविवारी खाली उतरायचा.
अवतो खेळायचा, दीर खेळायचे,
मीटर बघायला आलेला माणूससुद्धा एकदा दोन डाव खेळून गेला.
मी वाइन ओतायचे.
छत्तीस वर्षं मला वाटत होतं
घोडा त्याला हवं तिकडे जातो.

"हे कासव," टेकले सांगते. "तिरकंच चालतं.
पांढऱ्यावरचं जन्मभर पांढऱ्यावर."
कासव? आणि एका झेपेत या टोकाहून त्या टोकाला?
"नाव आहे ते, मावशी. नावावर जाऊ नका."

प्यादं सरळ चालतं, मारतं मात्र तिरकं.
म्हणजे आमची नणंद, एतेरी. हे मला लगेच कळलं.
राजाला एकच घर.
एवढा मोठा राजा, आणि एकच?
"तुमचे गुडघे तरी किती चालतात?"

घोड्यापाशी मी अडते.
अडीच घरं. बोटाने मोजते, पटभर पिठाचे ठसे उमटतात,
आणि दर वेळी भलत्याच घरात उतरते.
मधे कोण उभं आहे, त्याला पर्वा नाही,
हे तेवढं आवडलं.

"पण तुमचा एक घोडा बुचाचा का?
आणि ही दोन प्यादी अक्रोडाची?"
पळाले, म्हटलं.
तिने दप्तरातून पेन काढलं
आणि बुचाला दोन डोळे दिले. एक जरा वर गेला.

त्या हिवाळ्यात कुताइसीत दिवे नव्हते, गॅस नव्हता.
खुर्च्यांचे पाय संपले, फडताळाच्या फळ्या संपल्या,
अवतोची मासिकं संपली,
आणि एका पहाटे बाळाचं दूध कोमट व्हायला
अगदी थोडं, ओंजळभर लाकूड कमी पडत होतं.
स्टुलावर चढून अंधारात हाताला लागलं ते घेतलं.
प्यादी चटकन गेली.
घोड्याला वेळ लागला. रोगण आधी उकळलं,
मान शेवटपर्यंत ताठ.
ते बाळ आता पोलंडमध्ये ट्रक चालवतं.
अवतोने उजाडल्यावर डबा उघडला, मोजलं,
बोलला काही नाही.
संध्याकाळी कुठूनसं हे बूच घेऊन आला.

पहिल्या आठवड्यात मी चार चालींत मेले. सहा वेळा.
दुसऱ्या आठवड्यात कोंडी झाली, हलायला घरच नाही,
आणि टेकले रडकुंडीला आली, कारण तो डाव ती जिंकत होती.
मला कळेना, सुटले म्हणून हसावं का.

आज ती सफरचंद खाण्यात गुंतली होती.
माझा उजवीकडचा अक्रोड
एकेक घर, एकेक घर,
कुणी विचारलं नाही कुठे निघालास,
आणि पोचला. पट संपला त्याच्यापुढे.

टेकलेचं चावणं थांबलं.
"आता हवं ते मागा. वजीर मागा."
घोडा.
"वजीर नऊचा असतो, मावशी. घोडा तीनचा. मी शिकवलंय."
शिकवलंयस. घोडा दे.

तिने तिच्या बाईंसारखा सुस्कारा सोडला,
मेलेल्यांच्या ढिगातून बूच शोधलं,
फुंकर मारून पीठ उडवलं
आणि शेवटच्या रांगेत ठेवलं, डोळे माझ्याकडे करून.
अक्रोड माझ्या मुठीत राहिला. गरम झाला होता.

आंबूस वास आला. पीठ परातीच्या काठावरून बाहेर निघालेलं.
मी उठले, बाही वर केली, भट्टीत डोकावले.
"मावशी, माझी चाल झाली! आता हरताय तुम्ही!"
हरते की.
आधी पाव लागू दे भिंतीला.