डावीकडे बघा

रात्रपाळीहून आलो की स्टॉकपोर्टची सकाळ
मी पडद्याआड ढकलून देतो.
त्या दिवशीही तसाच आडवा झालो होतो,
एका पायात मोजा तसाच.

झोपेत निषादचा आवाज,
‘बाबा, जरा डोळे उघडा ना.’
उघडले.
‘आता डावीकडे बघा. आता उजवीकडे.’
वाटलं, शाळेचं काहीतरी असेल.
बारा वर्षांचं पोर बापाकडे अजून काही मागतंय,
तेवढ्यानेच बरं वाटलं
आणि कूस बदलली.

नवा कायदा मी वाचला होता, कँटीनमध्ये, चहाबरोबर.
पोरांना दाराशीच अडवा, कंपन्यांना दंड, वयाचा पुरावा.
मागणीच्या अर्जावर सहीसुद्धा केली होती,
मॉरीनचं पेन घेऊन.
म्हटलं, चला, कोणीतरी दाराशी उभं राहिलं.

दाराशी माझाच चेहरा उभा होता,
दाढीचे खुंट वाढलेला, अर्धा झोपेत.
यंत्राने मला बावन्न वर्षांचा ठरवला,
मी त्रेचाळीसचा,
आणि आत सोडलं.

इचलकरंजीत व्हिडिओ पार्लरच्या दाराशी
शिदू असायचा, एका डोळ्याने अधू.
ओठावर अंगठा फिरवून मिसरूड चाचपायचा.
माझ्या ओठावर काजळ होतं.
ते त्याने माझ्याच शर्टाला पुसलं.
‘अण्णा मागावर असतील ना आत्ता? बोलवू?’
आईने तो डाग दोनदा धुतला.
विचारलं नाही काही.

संध्याकाळी माझ्या ईमेलवर आभाराचा निरोप,
वय पडताळू दिल्याबद्दल.
निषादला हाक मारली.
ओरडायचं सगळं तयार होतं,
शिदूचा अंगठासुद्धा.

तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला,
शाळेचा टाय अजून गळ्यात.
म्हणाला, ‘बस स्टॉपच्या मागे कॅलमला मारलं ना,
त्याचा व्हिडिओ आहे तिथे.
मोठ्या पोरांनी सगळ्यांनी बघितलाय.
मला फक्त बघायचं होतं,
मी त्यात दिसतो का.’

‘मग? दिसतोस?’

बाहेर माझी एकशे ब्याण्णव नंबरची बस थांबली.
दारं उघडली.
कोणी उतरलं नाही, कोणी चढलं नाही.
दारं मिटली.

‘हसताना,’ तो म्हणाला.