नावापुरती नाव

मच्छीमार संघाच्या माडीवर,
खाली लिलावाची घंटा वाजली की हलणारं एक टेबल मला दिलंय,
एक कुरकुरता हीटर,
आणि कुणा दुसऱ्यानं अकरा वर्षांपूर्वी लिहिलेला कोड.

त्यात एक क्लास आहे: मच्छीमार.
व्यक्ती या क्लासचं लेकरू,
म्हणून आडनाव, जन्मतारीख, विम्याचा क्रमांक
सगळं वारशानं आलेलं.
स्वतःची अशी भर एकच:
नाव.
म्हणजे होडी.
सक्तीची. रिकामी चालणार नाही.

लिहिणारा आतल्या शहरातला असावा,
गालिसियाचा किनारा त्यानं ताटातच पाहिलेला.

इथे खिडकीतून मला दिसतात
ओहोटीच्या मागोमाग निघालेल्या त्रेसष्ट बायका,
रबरी बूट, कमरेला बादली,
दाताळ्यानं चिखल विंचरून तिसऱ्या काढणाऱ्या.
पायाखालची वाळू सरकते
तेव्हाच ज्यांचं कामाला लागणं.
होडी एकीचीही नाही.

मग नोंदी झाल्या कशा?
जुना कारकून एलादियो, देव त्याचं भलं करो,
त्यानं एक होडी नोंदवली.
लांबी शून्य. इंजिन शून्य.
नाव: कुठलीच नाही.
आणि सगळ्यांना तिच्यात बसवलं.

एकदा विम्याचा साहेब आला,
एवढ्या बायका एकाच होडीत बघून चपापला.
बांधता कुठे हो ही?
दोरिंदा म्हणाली, बांधत नाही,
काखेत मारून घरी नेतो.

मी आठवडाभर बसून नवा क्लास लिहिला.
होडीची सक्ती काढली.
वाळूचा पट्टा हा रकाना घातला, परवान्याची तारीख,
आणि जतन करण्याच्या रीतीत माझी एक अट:
होडी नसेल तर पट्टा हवाच.
चाचण्या हिरव्या झाल्या.
त्रेसष्ट बायका एकेक करून उतरल्या,
बूटसुद्धा न भिजता.

उरली रिकामी होडी. ती पुसायला गेले
तर पडद्यावर प्रश्न:
हिच्यासोबत आठ नोंदी कायमच्या जातील.
खात्री आहे?

आठ?

दोरिंदा वर आली, जिन्यावर खाऱ्या पाण्याचे ठसे.
चष्मा नव्हता, म्हणून मीच वाचली नावं.
एर्मिटास. हो, ती गेली.
जेनेरोसा. तिच्या गुडघ्यांनी तिला नेलं.
ओबदुलिया.
इथे ती थोडा वेळ घंटेकडे कान लावून बसली.
घंटा वाजत नव्हती.
बहीण माझी, म्हणाली.
हिला कुठल्या पट्ट्यावर उतरवणार तू?

मला रकाना सुचला नाही.
अट तर मीच घातली होती.

तेव्हा होडी राहिली.
पुसताना सगळं सोबत ओढून नेणारा तो एक शब्द
मी बदलला:
आता कुणी पुसू गेलं तर क्लासच नकार देईल.
दोरिंदा दारापर्यंत गेली, मागे वळली.
इंजिन शून्य म्हणालीस ना?
निदान वल्ही तरी दे गं त्यांना.

होडीच्या क्लासमध्ये वल्ह्यांचा रकाना नव्हता.
मी घातला. पूर्णांक, ऐच्छिक, आपोआप शून्य.
सगळ्या तक्त्यात फक्त एका ओळीत
तो भरलेला आहे: दोन.

मुख्य कार्यालयातून तपासणाऱ्यानं विचारलंय,
नम्रपणे, तीनदा,
की या रकान्याची गरज काय,
कोणत्या अहवालात तो येतो.

उत्तर अजून दिलेलं नाही.
खाली बादल्यांचा आवाज सुरू झालाय,
पाणी उतरतंय.